आधी पाणी, मग मासा

"बादली खाली ठेव. खाली ठेव म्हणतो ना! ते पाणी एकदम ओतलंस तर तुझ्या गणपतीची शपथ, तुलाच त्या टाकीत घालीन आणि वरनं झाकण लावीन."

हमरापूरला बंडूशेठच्या गणपती कारखान्यात हा आवाज घुमला तेव्हा, खोटं सांगत नाही, रांगेत उभ्या असलेल्या बिनडोळ्यांच्या गणपतींतले निम्मे तरी दचकले. बादलीवाला कारागीर तर त्यांच्याच रांगेतला होऊन गेला. ओरडणारा माणूस मात्र प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात दाबलेले, कारण तो शनिवार होता. शनिवारी सॅमसनकाका कुठल्याही कामाला हात लावत नसत. आणि समोर मासा तडफडताना दिसला की त्यांचे हात त्यांना न विचारता उठत, म्हणून ही व्यवस्था. तोंडाबद्दल त्यांच्या धर्मात काही मनाई नाही, असं त्यांचं ठाम मत.

"बोलणं म्हणजे काम नाय," ते म्हणाले.

त्यांची बायको, रिबकाकाकू, दाराला टेकून उभ्या होत्या. "तुमचं बोलणं काम नाय," त्या म्हणाल्या. "आमचं ऐकणं हाय."

समोर बंडूशेठची नवी काचेची टाकी. आत पाणी कसलं, पातळ ताक. त्या ताकाच्या मधोमध प्लास्टरची, सोनेरी रंग दिलेली, कळसांसकट बुडालेली द्वारका. आणि द्वारकेच्या वर, पृष्ठभागाला तोंडं लावून, हवेचे घोट घेणारे दोन एंजल मासे, विड्याच्या पानासारखे चपटे आणि जवळजवळ तेवढेच मोठे. टाकीत जीव एवढे दोनच. पण सॅमसनकाका पेणमध्ये राहणार की पेण सोडणार, हे त्या दिवशी त्या दोन जिवांवर येऊन ठेपलं होतं. कसं, ते सांगतो. पण त्याआधी काका सांगायला हवेत, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वाढवून बोलतोय.

त्यांच्या पुराणात कुणी सॅमसन नावाचा वीर होऊन गेला म्हणे, त्याचं सगळं बळ केसांत. आमच्या सॅमसनकाकांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. त्यामुळे ते बळ मुक्कामाला दुसरी जागा शोधत घशात उतरलं असावं. अंगकाठी पाहिली तर दोरीवर वाळत घातलेला शर्ट वाटावा, पण रामवाडीच्या नाक्यावरून त्यांनी हाक मारली की महाडची एसटी थांबायची, आणि तिचा ड्रायव्हर खाली उतरून विचारायचा, आपलं काय चुकलं.

काका बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण कोकणातले. घरात मराठी, कालवणात नारळाचा रस, आणि वाल सोलायला बसले की आमच्या आईला लाजवतील असे. त्यांच्या समाजाची एकेक घरं इस्राएलला निघून गेली आणि पेणमध्ये बोटांवर मोजावी इतकीच उरली. खवले नसलेला मासा ते खात नसत. पण त्यांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात टाकीच्या तळाशी शेवाळ चाटत फिरणारा एक काळा, बिनखवल्याचा मासा होता. कुणी त्यावरून टोमणा मारलाच तर काका म्हणायचे, "पोटात घ्यायला नाय म्हटलंय. नोकरीवर ठेवायला नाय म्हटलेलं नाय."

दुकान होतं रामवाडीत, माझ्या एसटीडी बूथला लागून. त्याआधी काकांनी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये, सगळं आयुष्य पाणी तपासण्यात घालवलं. कंपनीत येणारं पाणी, कंपनीतून जाणारं पाणी, पहिल्या शिफ्टचं, रात्रपाळीचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे माशांना लागले. पण जीभ लॅबचीच राहिली. रोह्याच्या स्टँडवर चहाचा एक घोट घेऊन त्यांनी मालकाला विचारलं होतं, "आज टाकी धुतली काय रे?" मालक खूष झाला. "व्हय काका, कसं ओळखलंत?" तर म्हणाले, "कालची चव गेली. कालचा चहा बरा होता." एका लग्नात पाण्याचा पेला तोंडाला लावून त्यांनी सांगितलं होतं की हे पाणी दोन विहिरींचं आहे आणि त्यांतली एक मुलीकडच्यांची नाही. चौकशी केली तर खरंच टँकर आला होता. आता मुलीकडचे म्हणतात असं काही झालंच नाही, पण ते म्हणणारच.

मासेविक्रीचं दुकान असलं तरी मासा विकायला काकांचा जीव होत नसे. पेणमध्ये मासेवाला म्हटलं की लोक पिशवी घेऊनच येतात. एक बाई तर गोल्डफिशच्या टाकीपुढे उभी राहून कालवणाला किती लागतील ते विचारू लागली. काका तिला शांतपणे म्हणाले, "बाय गो, याला तुझ्या कालवणात टाकायचा तर आधी कालवणाचं पाणी आण. तपासतो."

हा त्यांचा कायदा. आधी पाणी, मग मासा. गिऱ्हाइकाने घरच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणायचं. ते तपासल्याशिवाय काका माशाकडे बोटसुद्धा दाखवू देत नसत. लोक पाणी आणायचे औषधाच्या बाटल्यांतून, तान्ह्या पोरांच्या दुधाच्या बाटल्यांतून, आणि ज्या बाटल्यांबद्दल घरी विचारू नये अशा बाटल्यांतून. काका ते पाणी काचेच्या बारक्या नळीत घ्यायचे, मुंबईहून मागवलेल्या औषधाचे थेंब त्यात टाकायचे, नळी हलवायचे आणि उजेडात धरायचे. औषधासोबत रंगांचं छापील कार्ड येई, पण त्या कार्डावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातून रंग आणले होते. माशांच्या घाणीचं विष म्हणजे अमोनिया, तो बघायला नळी धरली आणि पाणी पिवळं राहिलं तर "हळदीचं दूध. घेऊन जा मासा." जरा हिरवट झालं तर "कच्ची कैरी. आठवड्याने ये." आणि गडद हिरवं झालं तर नळी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "अळूचं फदफदं. हे तू पी, मग मासा देतो."

रोह्याचा एक कंत्राटदार होता. तीनदा पाणी घेऊन आला, तीनदा कैरी. चौथ्यांदा आला तो ऐटीत. बाटलीतलं पाणी इतकं स्वच्छ की तिच्यातून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता यावी. काकांनी थेंब टाकले, हळदीचं दूध. दुसरे थेंब टाकले, निर्मळ. मग त्यांनी ते पाणी चक्क जिभेवर घेतलं, डोळे मिटले, आणि विचारलं, "तुमच्याकडे मासे राहणार कुठे?"

"हॉलमध्ये," कंत्राटदार म्हणाला.

"हॉलमध्ये नाय. बाटलीत. कारण हे पाणी दुकानातनं विकत आणलेल्या बाटलीतलं हाय. याच्यात माशाची घाण नाय, खताची नाय, माणसाचीसुद्धा नाय. ज्या पाण्याला कोणाचाच हात लागलेला नाय ते पाणी घरचं कसं असेल?"

कंत्राटदार हसला, मग रागावला, मग खरं पाणी घेऊन आला. पुढे त्याच्याच टाकीचे फोटो रोह्यातल्या फोटोवाल्याने काचेत लावले. मासे अर्थातच काकांचे.

पाणी पास झालं तरी सुटका नव्हती. मासा पिशवीत बांधून देताना काका जे प्रवचन देत, ते ऐकून आमच्या बूथमध्ये फोन करायला आलेली माणसं फोन ठेवून बाहेर येत. "नवी सून आणलीस आणि उंबऱ्यावरनं थेट चुलीत ढकललीस, असं चालेल काय? मग माशाला का चालावं? दिवा घालव. पिशवी बांधलेलीच टाकीत तरंगत ठेव, आतल्या नि बाहेरच्या पाण्याची ऊब एक होऊ दे. मग पिशवी सोड आणि टाकीतलं पाणी वाटी वाटीने आत घाल. घाई नाय. घाई केलीस तर तुझा वेळ वाचतो आणि माशाचं आयुष्य जातं. शेवटी मासा जाळीने उचल. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाय, ते झाडाला घाल. सुनेबरोबर तिच्या माहेरचं भांडण घरात घ्यायचं नसतं." आणि ज्याच्या टाकीत आधीपासून मासे असतील त्याला आणखी एक अट: नवीन मासा आधी दोन आठवडे वेगळ्या टाकीत, एकटा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो बाहेरच बरा करायचा. "सोयरा झाला म्हणून काय, खरूज घेऊन गादीवर बसवतो काय?"

आणि नव्या टाकीला काका आपल्या जुन्या टाकीतला काळपट, बुळबुळीत स्पंज पिळून देत. लोक नाक मुरडत. काका म्हणत, "या घाणीतच पाणी साफ करणारे जीव असतात. जुन्याची थोडी घाण लागल्याशिवाय नवं पाणी घर होत नाय."

दुकानाच्या मधल्या टाकीत दोन एंजल होते, दुकान उघडलं त्या वर्षीपासूनचे. त्यांना काका म्हातारा आणि म्हातारी म्हणत. ते विकायचे नव्हते. कुणी बोट दाखवलंच तर काका म्हणत, "ते स्टाफ हायत."

आता मूळ गोष्टीकडे येतो. काकांचा मुलगा डेव्हिड इस्राएलला गेला होता, तिथेच त्याचा संसार. त्याचा फोन माझ्या बूथवर यायचा, दर रविवारी. काकांना फोन म्हणजे लांबचं अंतर आवाजाने कापायचं साधन वाटे, त्यामुळे तो कौटुंबिक संवाद रामवाडीपासून अंतोऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता. डेव्हिड म्हणायचा, या. रिबकाकाकू म्हणायच्या, जाऊ. नात झाली होती, तिचा फोटो काकू पदरात बांधून फिरत. आणि काका दर वेळी तेच सांगायचे, "म्हाताऱ्या माशाला पाणी बदललेलं चालत नाय. इथलं पाणी हलकं, तिथलं जड. जड पाण्यात टाकलास की आठ दिवसांत उताणा. मी पाण्यातच केस घालवले, मला शिकवू नको."

डेव्हिडने तरीही तिकिटं काढली. काकांनी जाहीर केलं की तिकिटाचा कागद गुळगुळीत आहे, टाक्यांच्या काचा पुसायला बरा.

काकूंनी वाद घातला नाही. त्या दुकान रिकामं करू लागल्या. काका जुन्या मित्रांना भेटायला रोह्याला गेले की इकडे एकेक टाकी कमी व्हायची. एका बुधवारी काका रोह्याहून आले तर मधली टाकी रिकामी. म्हातारा-म्हातारी हमरापूरच्या बंडूशेठकडे गेले होते. बंडूशेठ महिनाभर मागे लागलाच होता. मुंबईची गिऱ्हाइकं मूर्ती ठरवायला येतात, त्यांना बसल्या जागी काहीतरी बघायला हवं होतं. त्या रात्री शेजारी जेवणाच्या ताटांचा आवाज झाला नाही. 

शनिवारी दुपारी बंडूशेठचा टेम्पो दारात येऊन उभा. बंडूशेठ स्वतः उतरला, हात जोडून. मासे वर येऊन आ वासतायत, काका चला.

काकांनी खुर्ची सोडली नाही. शनिवारी ते वाहनात बसत नसत. बंडूशेठ माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. शेवटी तोडगा काकांनीच काढला. "मी वाहनात बसणार नाय," ते म्हणाले. "मी खुर्चीत बसलोय. खुर्ची कुठे ठेवायची ते तुमचं तुम्ही बघा."

आम्ही चौघांनी खुर्ची काकांसकट उचलली आणि टेम्पोत पेंढ्यावर ठेवली. तो मूर्ती न्यायचा टेम्पो. हमरापूरहून मूर्ती बाहेर जातात हे जगाला ठाऊक आहे; पेणहून हमरापूरला मूर्ती उलटी निघालेली त्या दिवशी पहिल्यांदाच दिसली. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी नमस्कार केला आणि एकीने विचारलं, ही कोणत्या मंडळाची. रिबकाकाकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून एवढंच विचारलं, "देवाला टेम्पो कळत नाय असं वाटतं काय तुम्हाला?"

"देवाला मासा कळतो," काका म्हणाले.

तर असे आम्ही पोचलो. बादली पाहून काका ओरडले तो किस्सा तुम्हाला सांगितलाच आहे. काकूंनी मासे देताना बंडूशेठला बजावलं होतं: खाली वाळू, वर पाणी, बाकी काही टाकायचं नाही. बंडूशेठचं म्हणणं, "काकू, मूर्तिकाराच्या टाकीत मूर्ती नाय तर लोक काय म्हणतील?" म्हणून त्याने कारखान्यातल्या सगळ्यात हुशार साचेवाल्याकडून द्वारका घडवली, सोनेरी रंग मारला, रंग नीट वाळायच्या आत पाण्यात सोडली, आणि वरून पिशवीतले मासे पिशवीतल्या पाण्यासकट ओतले. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली नसती. तिथे द्वारका बनवता आली नसती.

"थेंब टाकायला कोण?" काकांनी विचारलं. हात मांड्यांखालीच. औषधाचा डबा काकूंनी आणला होता, पण वाहनात बसल्या तरी शनिवारी कामाला त्याही हात लावत नसत. कारखान्यात गोमा नावाचा आखणीवाला होता. गणपतीचे डोळे आखणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम, ते फक्त गोमाकडे. काकांनी त्यालाच पुढे बोलावलं. "डोळा आखतोस तसा थेंब सोड. बाटली सरळ. श्वास धर."

गोमाने असे थेंब सोडले की काका क्षणभर टाकी विसरले. मग नळी उजेडात धरली गेली आणि हिरवी झाली. अळूचं फदफदं.

"काढा मासे," काका म्हणाले. "द्वारका आधी काढा. आणि हवेसाठी तो रंग फवारायचा कॉम्प्रेसर लावू नका रे, त्याच्या हवेत रंग हाय."

"परत दुकानात नेऊ या," मी म्हटलं.

"नको. प्लास्टर विरघळून जड झालेल्या पाण्यात तीन दिवस काढलेत त्यांनी. एकदम हलक्या पाण्यात परत टाकले तर त्या धक्क्यानेच जातील. इथलं पाणी काय?"

इथलं पाणी बोअरचं. एका कारागिराने हातावर साबण घासला, फेस यायला तयार नाही. दुसऱ्याने घासला, तेच. जड पाणी. काकांनी ते ऐकलं, आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात काकांना ऐकलं, कारण फोनवरचं ते वाक्य तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. बंडूशेठसुद्धा पुटपुटला, आठ दिवसांत उताणा.

रिबकाकाकू दारातून पुढे आल्या. खुर्चीपुढे उभ्या राहिल्या.

"आता बघू या," त्या म्हणाल्या. "म्हातारे मासे, जड पाणी. तुमच्या हातात हाय. हे आठ दिवस जगले तर तिकिटाने काचा पुसायच्या नाय. आपण जायचं. आणि मेले तर मी डेव्हिडला स्वतः सांगीन की तुमचे बाबा खरं बोलत होते, आणि पुन्हा नाव काढणार नाय."

आता बघा. काकांना काही करायचंसुद्धा नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. शनिवार होता, हात मांड्यांखाली होते, देव साक्षीला होता. तोंड मिटलं असतं तर बाकीचं आम्ही अडाण्यांनीच करून टाकलं असतं. तो बादलीवाला अजून बादली घेऊनच उभा होता. आणि काका खरंच गप्प झाले. वीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना जागेपणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. कारखान्यात ब्रश थांबले. टाकीतली म्हातारी एका कुशीवर कलली, सावरली, पुन्हा कलली. म्हातारा तिच्या खाली जाऊन उभा राहिला, जणू टेकू.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग काकूंकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येत नाही, आणि मला जे सांगता येत नाही असं फार थोडं आहे.

"दवाखान्यातनं सलाईनची नळी आणा," ते म्हणाले. पुढचं सगळं एका दमात. टबात त्यांचंच थोडं पाणी घ्या. मासे त्यात. बोअरचं पाणी उंचावर ठेवा, नळीने खाली सोडा, आधी थेंब, मग धार. टब भरला की निम्मा उपसा, पुन्हा भरा. एकाने तांब्याने पाणी उचलून वरनं सोडत राहा, त्यांना हवा मिळू दे. उजेड बंद करा. बूथवाल्या, तू पेणला जा आणि दुकानातला जुना स्पंज घेऊन ये. धुऊ नकोस. धुतलास तर तिथेच राहा.

मी स्पंज घेऊन परत आलो तेव्हा टाकी धुऊन, बोअरचं पाणी भरून तयार होती आणि गोमा सलाईनच्या चाकावर बोट ठेवून थेंब मोजत बसला होता. गावातली एक बाई दारातून डोकावून विचारून गेली, पेशंट कोण.

संध्याकाळी, सूर्य मावळून त्यांचा शनिवार संपल्यावर, काकांनी मांड्यांखालून हात काढले. ते इतके बधिर झाले होते की पहिली काही मिनिटं त्यांना स्वतःची टोपीही घालता येईना. मग त्यांनी बाह्या सरसावल्या, हात कोपरापर्यंत टबात घातला, म्हाताऱ्या-म्हातारीला एकेक करून ओंजळीत घेतलं आणि टाकीत सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज हमरापूरला. जायचे, थेंब टाकायचे, यायचे. रामवाडीत पैजा लागल्या. कुणी म्हणे काका मुद्दाम काहीतरी टाकून येतात, कुणी म्हणे मुद्दाम काहीतरी टाकत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "कैरी. पण पिवळी पडतेय." मग एका सकाळी बूथवर बंडूशेठचा फोन. म्हातारीने अळी खाल्ली, म्हाताऱ्याच्या तोंडातून हिसकावून. मी निरोप ओरडून सांगितला. शेजारी काका रिकाम्या टाकीची काच पुसत होते. फडक्याने.

"आठ दिवस झाले काय?" काकूंनी विचारलं.

"झाले," काका म्हणाले, आणि पुसत राहिले.

जायच्या आधी त्यांच्या घरी मलिदा झाला. पेणचे पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं; त्यांच्या धर्मातल्या एका संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना होते आणि मग सगळ्यांना वाटतात. काकांनी प्रार्थना म्हटली ती इतक्या मोठ्याने की संदेष्टा जवळपास असेल तर त्याला कान झाकावे लागले असतील. उरलेले मासे त्यांनी रामवाडीत वाटले, पण प्रत्येकाकडून आधी पाणी मागवून. मला गप्पी मासे मिळाले. माझं पाणी कैरी निघालं होतं, तरी मिळाले. हा माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान.

रामवाडीच्या स्टँडवर मी त्यांना शेवटचं पाहिलं. काकूंनी पाच पिशव्या सांभाळल्या होत्या. काकांच्या मांडीवर थेंबांचा डबा, आणि त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ओला, काळा, न धुतलेला स्पंज. विमानात हे नेऊ देणार नाहीत असं मी म्हटलं. ते म्हणाले, त्यांना काय कळतंय. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून ओरडून मला सांगितलं की बंडूशेठच्या टाकीत पाणी वाटी वाटीने बदलायचं, बादलीने नाही. गाडी वळली तरी आवाज बराच वेळ इथेच होता.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका रविवारी बूथवर फोन वाजला. मी घेतला, आणि सवयीने फोन कानापासून हातभर लांब धरला. पण काही ऐकू येईना. कानाला लावला, तेव्हा कळलं, काकाच होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बूथच्या बाहेर जात नव्हता. त्यांनी बंडूशेठची टाकी विचारली, गप्पींची पिलं विचारली, गोमाचे डोळे आखून झाले का ते विचारलं. मी सगळं सांगितलं, म्हातारा-म्हातारी अजून मजेत आहेत हेही सांगितलं. मग मला राहवेना. या खेपेला मीच ओरडून विचारलं, सगळ्या रामवाडीच्या वतीने, "काका, पाणी कसं हाय तिथलं?"

तिकडे मागे एक लहान मुलगी कुणाला तरी हाक मारत होती.

"जड हाय," काका म्हणाले. "मासे जगतात."